धरून ठेवलेली खुर्ची

माणसाला घरातून उठवायचं असेल तर पहिल्या तीन सेकंदांत त्याचं नाव घ्या. हा नियम माझा आहे. सहा जिल्ह्यांच्या लोकांना फळ्यासमोर उभं राहून मी तो शिकवलाय, तेव्हा दोष द्यायचा झाला तर मला दुसरीकडे बोट दाखवायची सोय नाही.

मी प्रणिता येरगुडे. उष्मा कक्षात निरोप लिहिते. आधी शाळेत मराठी शिकवत होते. त्या काळी उन्हाचा इशारा असा यायचा: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उष्णतेच्या लाटेच्या पार्श्वभूमीवर नागरिकांनी यथोचित खबरदारी घ्यावी.’ यथोचित म्हणजे काय, हे तो लिहिणाऱ्या साहेबाला तरी ठाऊक होतं की नाही देव जाणे. एका मे महिन्यात तो निरोप आमच्या जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या फोनवर पोचला होता. एकशे बारा माणसं तो फोन उशाशी ठेवून गेली. त्यांची यादी मी वाचली आणि शाळा सोडून इथं आले.

ऊन म्हणजे काय, हे आम्हा विदर्भवाल्यांना कोणी सांगायला नको. सत्तेचाळीस डिग्री आम्ही खिशात कांदा टाकून, डोक्याला दुपट्टा बांधून काढतो आणि वर घामाघूम पाहुण्याला हसतो. पण आता जे येतं ते ऊन निराळं आहे. आपलं शरीर म्हणजे घरातला कूलर. कूलर वाळ्याचे पडदे ओले करतो, ते पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि हवा गार होते. घामाचं काम तेच. पण बंगालच्या उपसागरावरून दमट हवा येऊन बसली, हवेतच पाणी भरलं, की घाम उडणार कुठे? तो अंगावरच राहतो आणि आतली उष्णता आत. हे मोजायची रीत साधी आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं. त्या फडक्यातला पारा तिशी ओलांडायला लागला की म्हाताऱ्या माणसांनी हलावं, आणि पस्तिशीला टेकला की धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत पीत काही तासांत संपतो. अशा दिवशी कूलर नुसती ओल फेकतो, आणि आमची माणसं तो आणखी जोरात लावून त्याच्याच पुढ्यात बसतात.

म्हणून वॉर्डावॉर्डांत गारव्याचे हॉल झाले. बॅटऱ्या, एसी, पाणी, खुर्च्या, सगळं. हॉल झाले, पण त्यात माणसं येईनात. कोण आपलं घर सोडून परक्यासारखं हॉलमध्ये बसणार, बाप्पा!

मग ‘साद’ आली. तिचं काम आमचे इंजिनिअर फैयाज शेख बघायचे. माणूस कोणाचं ऐकतो, हे साद शोधून काढायची. कलेक्टरचं कोणी ऐकत नाही. मुलाचं थोडं ऐकतात, नातवाचं जास्त. आणि सगळ्यांत जास्त ऐकतात ते गेलेल्या माणसाचं. फोनमध्ये पडून राहिलेले जुने आवाज चार-पाच मिनिटांचे असले तरी तिला पुरायचे, त्यावरून ती हवं ते वाक्य त्या आवाजात बोलायची. वाक्यं मी लिहायची. घरच्यांनी फॉर्मवर सही केली असेल तरच हे चालायचं. फोन हॉलमध्ये पोचेपर्यंत साद दर तीन मिनिटांनी बोलायची आणि दर वेळी नवं वाक्य घ्यायची, कारण तेच ते ऐकून माणूस कान बंद करतो. हाही नियम माझाच.

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा सावरटेकला कोळसा कॉलनीत एकटे राहायचे. खाणीत डंपर चालवून रिटायर झालेला माणूस, माझ्याकडे येऊन राहा म्हटलं की म्हणायचे, “तुझ्या फ्लॅटमंदी बसू की उभा राहू?” आईचे आवाज माझ्याच फोनमध्ये होते. सगळे धडाक्याचे. ‘डाळ पोचली का, पोचली तर सांगता येत नाही का?’ ‘वाळवण काढलं नाही ना, मग भिजलं तर माझ्या नावानं रडू नको.’ गोड बोलणं तिला येतच नव्हतं, आणि खोटं तर त्याहून नाही. शेजारणीनं साखर मागितली तर “आहे, पण देत नाही” म्हणणारी बाई. मी ते सगळे आवाज सादला दिले. बाबांनी माझ्यासमोर सही केली.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. त्या पिढीच्या बायका घेतच नव्हत्या, पण आईचं पराकोटीचं होतं. बाबांचं नाव तुळशीराम, म्हणून ती तुळशीलासुद्धा तुळस म्हणायची नाही. “त्या झाडाला पाणी घाल,” म्हणायची. डॉक्टरांनी मिस्टरांचं नाव विचारलं की माझ्याकडे बघायची. बाबांना हाक मारायची ती “ऐकता का जी” अशी. हे मला पाठ होतं. लहानपणापासून आम्ही तिला त्यावरून छळलं होतं. आणि तरी सादमध्ये आईचा आवाज भरताना माझा नियम मी तिलाही लावला. पहिल्या तीन सेकंदांत नाव.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी, सकाळी अकराला ओल्या फडक्याचा पारा एकतीसवर गेला. आम्ही साद सुरू केली. आमच्या भिंतीवर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा होता. घरी असलेला माणूस लाल ठिपका, हॉलमध्ये पोचलेला हिरवा. तासाभरात सावरटेक हिरवंगार झालं. फैयाजभाईंनी चहा मागवला. मी सवयीनं कोळसा कॉलनीचा भाग मोठा करून पाहिला. एक ठिपका लाल होता.

मी फोन लावला.

“बाबा, तुम्ही अजून घरीच?”

“हळू बोल, पनू. ती आता बोलणार हाय.”

“कोण?”

“कोण म्हंजे? तुझी माय.”

“बाबा, ती आई नाही. मशीन आहे ते. आपण सही केली होती, आठवतं ना?”

“हाव, आठवते. म्हातारा झालो मी, येडा नाई झालो.” मग ते हसले. असं हसताना मी त्यांना चार वर्षांत ऐकलं नव्हतं. “पनू, तिनं माझं नाव घेतलं गं.”

मी भिंतीवरचा तो लाल ठिपका बघत राहिले.

“सेहेचाळीस वर्षं संसार केला तिनं माझ्यासंगं. लग्नात नाव घे म्हटलं तर उठून पळाली होती. मरताना म्हटलं, आता तरी घे एकदा. तर नुसती मान हालवली. अन् मांगच्या शनिवारी पहिल्यांदा घेतलं, आज तर वीस खेपा. तुळशीराम, उठा. तुळशीराम, तुमच्याबिगर मले करमत नाई. असं म्हणून रायली, पोरी.”

‘तुमच्याशिवाय मला करमत नाही’ हे वाक्य मी लिहिलं होतं. जिल्ह्यातल्या सगळ्या विधुरांसाठी लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर आईनं आयुष्यात एकदा तरी म्हणावं असं मला वाटत होतं म्हणून लिहिलं होतं.

“बाबा, हॉल समोर आहे. तीनशे पावलं. तिथं जा आणि मग बोलू.”

“तिथं गेलो की बंद होते ती. मांगच्या शनिवारी तसंच झालं. दारात पाय टाकला अन् आवाज गेला. मले समजते सारं. नाई गेलो तर बोलत राहते. अजून बोलू दे तिले थोडं.”

“माझ्यासाठी उठा ना बाबा.”

“उठतो, उठतो. एक खेप ऐकतो अन् उठतो.”

मी फोन ठेवला. बाबांच्या मनगटावर आम्ही दिलेला ताप-नाडी मोजणारा बँड होता, त्याचे आकडे फैयाजभाईंनी माझ्यापुढे आणले. अंगातला ताप एकोणचाळीसच्या वर, म्हणजे जुन्या मापानं एकशे दोनच्या पुढं, नाडी एकशे अठ्ठावीस. बाहेर ओल्या फडक्यातला पारा बत्तीस. शेजारीपाजारी सगळे हॉलमध्ये गेलेले, साद इतकी चोख काम करते ना! हॉलचा फोन कोणी उचलेना. ॲम्ब्युलन्सला पन्नास मिनिटं. मी चाळीस किलोमीटरवर.

“बंद करा,” मी म्हणाले. “आईचा आवाज बंद करा. म्हणजे उठतील.”

फैयाजभाईंनी बंद केला. चार मिनिटं गेली, आठ गेली. ठिपका हलला नाही. मी पुन्हा फोन लावला.

“थांबली का गं ती?” बाबांची जीभ जड झाली होती. “काई हरकत नाई. वाट पाहतो.”

फैयाजभाई म्हणाले, “मॅडम, पंधरा मिनिटं. फार तर वीस. काहीतरी लिहा.”

काहीतरी लिहा! बारा वर्षं मी लोकांना सांगत आले होते, निरोप कोणासाठी आहे ते आधी बघा आणि मग शब्द निवडा. माझा ऐकणारा कोण, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं. त्याला उठवायला मी इतकं सुंदर बोलत होते की तो ऐकायलाच बसून राहिला होता. मी डोळे मिटले आणि आई काय म्हणाली असती ते ऐकायचा प्रयत्न केला. करमत नाही वगैरे ती कधीच म्हणाली नसती. घरून निघताना ती नेहमी पुढं जायची, बाबा मागं कुलूप तीनदा ओढून बघत बसायचे, आणि लग्न असो की सिनेमा, ती शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून त्यांची जागा धरायची आणि लोकांशी भांडायची.

मी नाव काढलं, करमणं काढलं आणि हे लिहिलं:

‘ऐकता का जी? मी कधीची येऊन बसली हॉलमध्ये. तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवली. लोक भांडून रायले माझ्याशी. कुलूप लावा अन् या लवकर.’

पाठवायच्या बटणावर बोट ठेवून मी थांबले. आईनं कधी कोणाला थाप मारली नव्हती. मग बँडचा आकडा आणखी एका टप्प्यानं वर गेला आणि मी बटण दाबलं.

दीड मिनिट काहीच झालं नाही. मग ठिपका दारापर्यंत आला. तिथं थांबला. मी ओरडणार होते, मग कळलं, ते कुलूप ओढून बघत असणार. एकदा, दोनदा, तीनदा. ठिपका रस्त्यावर आला आणि हळूहळू, वळणं घेत, हॉलमध्ये जाऊन हिरवा झाला. फैयाजभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी रडत होते.

कक्षातली पाळी संपवून संध्याकाळी साडेपाचला मी हॉलमध्ये पोचले. सलाईन लावून झालेलं होतं, हातावर पट्टी होती. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर बसायला गेले तर त्यांनी हात आडवा घातला.

“ही धरली हाय. तू तिकडून घे.”

खुर्चीवर आईचा चष्मा होता. घडी घातलेला, काचा पुसलेल्या.

“घाईत विसरून आली असंल, म्हणून आणला,” ते म्हणाले. “चष्म्याबिगर तिले मी दिसणार कसा?”

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. “बाबा, ते मी लिहिलं होतं. तुम्ही उठत नव्हता म्हणून.”

“समजलं मले. साऱ्या रांगा पाहून झाल्या तवा समजलं.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. “पनू, ती माझ्याशी कधी खोटं नाई बोलली. कधीच नाई. आज तू तिले बोलायला लावलं.”

“तुमचा जीव वाचला, बाबा.”

“हाव. वाचला,” ते म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य पुसायला म्हणून कचेरीत गेले. फैयाजभाई माझी वाट बघत बसले होते. साद स्वतःहून शिकते. जे वाक्य माणसाला उठवतं ते ती दुसऱ्या घरी वापरून बघते. आदल्या दुपारीच तिनं माझं वाक्य आणखी एक्केचाळीस घरांत वापरलं होतं. कुठं नवऱ्याच्या आवाजात, कुठं आईच्या, एका घरी बारा वर्षांच्या मुलीच्या. आवाज वेगळा, बोली वेगळी, वाक्य तेच. मी कधीचा येऊन बसलो. तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली आहे.

“किती उठले?” मी विचारलं.

“अडतीस. उरलेल्या तिघांना ॲम्ब्युलन्सनं आणलं.”

त्यांनी यादी पुढं केली. अडतीस नावं होती. मला ती जुनी एकशे बारा नावांची यादी आठवली.

“पुसू का?” फैयाजभाई म्हणाले. “तुम्ही म्हणाल तसं.”

मी यादी घडी घालून परत केली. “राहू द्या,” म्हणाले.

त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात उन्हानं एकही माणूस गेला नाही. पुढच्याही नाही. आमचा सत्कार झाला, मला शाल मिळाली, मेच्या महिन्यात शाल! हॉलच्या लोकांची तेवढी एक तक्रार यायची, खुर्च्या पुरत नाहीत. साठ माणसं, ऐंशी खुर्च्या, आणि तरी वीस जण उभे. कुठल्या खुर्चीवर रुमाल, कुठल्या खुर्चीवर पानाचा डबा, एकीवर खेळण्यातली बस. कोणाला उठा म्हणायची छाती कोणाचीच होत नव्हती. मी कागदावर लिहिलं, ‘खुर्च्या वाढवाव्यात,’ आणि सही केली.

बाबांनी त्यानंतर मला एका शब्दानं दुखवलं नाही. इशारा व्हायच्या आधीच, सकाळी नऊला, ते आपणहून हॉलमध्ये जाऊन बसायचे. फोन घरी ठेवायचे आणि चष्मा खिशात. आणि मी “बाबा” अशी हाक मारली की एक क्षण थांबून, माझा चेहरा बघून, मगच ओ द्यायचे. तेवढा तो क्षण मला सोसायचा नाही.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत, थंडीत, ते झोपेत गेले. कसलाच त्रास झाला नाही. मी त्यांच्या उशाखालचा चष्मा घरी आणला.

मी माझा फॉर्म कधी भरला नव्हता. या सगळ्याचं आतडं मी पाहिलेलं, मला कशाला हवा तो! यंदा मी सुट्टीवर होते. गुरुवारी दुपारी घरी कूलरसमोर बसून चार जुनी पुस्तकं चाळत होते. हवा चिकट झालीय हे कळत होतं. उठू, उठू म्हणत होते. फोन वाजला.

“पनू.”

माझ्या हातातलं पुस्तक पडलं.

“पनू, मी कधीचा येऊन बसलो हॉलमंदी. तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली. कुलूप लाव अन् ये लवकर.”

मी फैयाजभाईंना फोन लावला आणि ओरडले. माझा फॉर्म कोणी भरला, कोणाच्या परवानगीनं?  ते म्हणाले, “बाबांनी भरला, मॅडम. गेल्या दिवाळीत आले होते. मला म्हणाले, पोरगी एकटी राहते, कोणाचं ऐकत नाही, माझं ऐकेल. अर्धा तास बसून आवाज देऊन गेले. तुम्ही म्हणाल तर आत्ता काढतो.”

“ते वाक्य त्यांनी सांगितलं का?”

“नाही. ते साद निवडते. तुमचंच आहे ते.”

माझंच होतं. कुठला शब्द कुठे का ठेवला, नाव किती सेकंदांत येतं, कुलूप कुठून आलं, सगळं मला ठाऊक होतं. मी कूलर बंद केला, कुलूप लावलं आणि ते तीनदा ओढून पाहिलं. पर्समध्ये आईचा चष्मा होता, तो आहे ना ते पाहिलं. उन्हातून पाचशे पावलं चालले.

हॉल भरलेला होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जो तो दाराकडे तोंड करून बसला होता. मी दारातच थांबले, आणि मग पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. एकेक चेहरा बघत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. पुन्हा उलटी आले. पाच रांगा होत्या. तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या आणि त्यांच्यावर कोणाचं काही ठेवलेलं नव्हतं. मी एकीवर बसले आणि दुसरीवर चष्मा ठेवला.

काही वेळानं एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. घामानं निथळत होते, पाय थरथरत होते.

“ताई, ही रिकामी आहे का हो?”

“नाही,” मी म्हणाले. “माझे वडील येताहेत.”